चाळीस टक्क्यांची सवलत आणि टँकरच्या पावत्या

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची 28 घरांची सोसायटी आहे. ताबा 2020 च्या दिवाळीत मिळाला. मिळकतकराचं पहिलं बिल हातात आलं, तेव्हा आकडा पाहून मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. 19,400 रुपये. शेजारच्या इमारतीतलं घर आमच्याएवढंच, ताबा 2017 चा, आणि त्यांचं बिल बारा हजारांच्या आत.

सोसायटीत सगळे एकच म्हणत होते, महापालिकेने कर वाढवला. मीही तेच धरून चालले होते. सेक्रेटरी झाल्यावर बिलं घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. दर वाढलेला नव्हता, सवलत गेली होती. पुण्यात मालक स्वतः घरात राहत असेल, तर 1970 पासून कर ठरवताना 40 टक्के सवलत मिळायची. पुढे लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघाला, शासनाने ती रद्द केली आणि 1 एप्रिल 2019 पासून नव्याने कर लागलेल्या घरांना ती मिळेनाशी झाली. आम्ही नेमके त्यात सापडलो. दाद कुणाकडे मागायची, हाही प्रश्नच होता. नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकांकडे होता.

2023 च्या उन्हाळ्यात सभा घेतली, तेव्हा निम्मे सभासद म्हणाले, बिल भरायचंच नाही. राग खोटा नव्हता. आमच्याकडे नळाला पाणी कमी दाबाने येतं. एप्रिल-मे मध्ये खालची टाकीसुद्धा भरत नाही. त्या वर्षी टँकरवर सव्वातीन लाख गेले, म्हणजे घरटी साडेअकरा हजारांच्या वर. आणि बिलात पाणीपट्टी आहेच. समान पाणीपुरवठा योजनेसाठी ती 2016 पासून दरवर्षी वाढत गेली आहे. खडकवासला धरण इतक्या जवळ आणि आमच्या दारात टँकरची रांग!

पण न भरण्याला माझा विरोध होता. एक तर मुदत टळली की महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, आणि ती थकबाकीसारखी वाढतच राहते. दुसरं म्हणजे, आपण कशाचे पैसे देतो हे आमच्यापैकी कुणी वाचलेलंच नव्हतं. मी बिल मोठ्या अक्षरात छापून फळ्यावर लावलं. सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष, पथकर, जललाभ, मलनिःसारण लाभ, शिक्षण कर, पाणीपट्टी. एकेक नाव वाचायचं आणि त्यातलं आपल्याला काय मिळतं ते सगळ्यांनी सांगायचं, असं ठरवलं.

त्या दोन तासांनी सभेचा सूरच बदलला. रस्त्यावरचे दिवे लागतात, मान्य. ड्रेनेज दोनदा तुंबलं, दोन्ही वेळा गाडी आली, मान्य. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी सांगितलं, त्यांच्या बायकोचं डोळ्यांचं ऑपरेशन महापालिकेच्या दवाखान्यातून पाठवल्यामुळे झालं, आणि हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंची मुलगी महापालिकेच्या शाळेत जाते, तीही याच पैशांतून. कचऱ्यावर मात्र बराच वाद झाला, कारण दारावर कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना आपण दरमहा वेगळे पैसे देतो. मग सफाई कर कशाचा? तर रस्ता झाडणं, गोळा झालेला कचरा पुढे नेणं, त्यावर प्रक्रिया करणं, हे त्यातलं. ते बऱ्याच जणांना पटलं. पाण्यापाशी आलो आणि कुणालाच काही पटेना. मलाही पटलं नाही, आजही पटत नाही. जे मिळत नाही त्याची पट्टी भरणं, आणि वर टँकरलाही तेवढेच पैसे मोजणं, याला मी न्याय म्हणू शकत नाही.

दरम्यान एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने 40 टक्क्यांची सवलत पुन्हा द्यायचा निर्णय घेतला होता. आमच्यासारख्यांना मात्र ती आपोआप मिळणार नव्हती, पीटी-3 नावाचा अर्ज भरायचा होता. मुदत 15 नोव्हेंबर. अर्जासोबत 25 रुपये, सोसायटीचं 'सभासद स्वतः राहतात' असं पत्र, आणि मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅसकार्ड, रेशनकार्ड यांपैकी काहीतरी. शहरात दुसरं घर असेल तर त्याच्या बिलाची प्रत.

लिहायला सोपं आहे, करायला महिना गेला. माझ्याच मतदार ओळखपत्रावर अजून साताऱ्याचा पत्ता होता. गॅसचं कार्ड यांच्या नावावर आणि घर माझ्या नावावर. शेवटी वाहन परवान्यावरचा पत्ता बदलून घेतला तेव्हा माझा अर्ज पुरा झाला. पाच जणांचे अर्ज नावातल्या फरकावरून अडले. खरेदीखतात आडनाव एक, रेशनकार्डावर माहेरचं. मी सगळ्यांचे कागद एकाच पिशवीत घेऊन महापालिकेच्या कर कार्यालयात गेले. आमच्या भागाचा मिळकतकर बघणाऱ्या पेठ निरीक्षकांनी तिथेच बसून एकेक तपासले, कुठे काय कमी आहे ते पेन्सिलीने लिहून दिलं. प्रत्येक अर्जाची पोच मी मागून घेतली. हे ज्यांना करायचं असेल त्यांनी पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.

खरा पेच घरबसल्या आला. तिसऱ्या मजल्यावरचे एक सभासद औंधला राहतात, इथलं घर भाड्याने दिलेलं आहे. एक दिवस संध्याकाळी आले. "काकू, एका पत्राचा तर प्रश्न आहे. मी राहतो असं लिहा. भाडेकरूचं नाव कुठे येत नाही."

"पण तू राहत नाहीस ना रे."

"सगळ्या सोसायट्या देतात."

मी पत्र दिलं नाही. तो चहा तसाच ठेवून गेला आणि पुढचे कितीतरी महिने आमच्यात बोलणं नव्हतं. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं, कारण पोरगा गुणी आहे आणि पाण्याच्या लढाईत सगळ्यात जास्त धावलेला तोच. पण ज्या लेटरहेडवर मी त्याचं खोटं लिहिलं असतं, त्याच लेटरहेडवर मला पाण्याचा अर्ज द्यायचा होता. 28 पैकी 21 अर्ज गेले. बाकी सात घरं भाड्याची होती.

पाण्याचा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात दिला. सोबत तीन वर्षांच्या टँकरच्या पावत्यांचा तक्ता, तारीखवार. पाणीपट्टी किती भरली आणि टँकरला किती दिले, हे शेजारी शेजारी मांडलं. वॉल्व्ह तपासायला माणसं आली, एका ठिकाणची जोडणी बदलली. आता मार्चपर्यंत टँकर लागत नाही. एप्रिल-मे तसेच आहेत.

आणखी एक गोष्ट याच खटपटीत समजली. सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक चालू असेल तर 5 टक्के आणि दोन असतील तर 10 टक्के सवलत आहे. आमचं पर्जन्यजल संधारण बांधकामाच्या वेळचं, पण गाळाने बंद पडलेलं. ते साफ करून घेतलं, आता छतावर सौर पॅनेल बसवायचं चाललं आहे.

पुढच्या वर्षी माझं बिल साडेअकरा हजारांवर आलं, आणि आधी जास्त भरलेली रक्कम पुढच्या बिलांतून वळती होऊ लागली. तेव्हा 31 मे च्या आधी भरलं की सर्वसाधारण करात सूट मिळायची, म्हणून मी ते मुदतीच्या बरंच आधी भरलं. पावती सोसायटीच्या निळ्या फाइलला लावली. त्याच फाइलमध्ये, मागच्या कप्प्यात, त्या उन्हाळ्यातल्या टँकरच्या 41 पावत्या आहेत. पुढचा अर्ज त्यांच्यासकट जाणार आहे.