पाऊस ही जोखीम नाही

कोकणातल्या बांधकामाचं रिस्क रजिस्टर, म्हणजे कामातल्या जोखमींची यादी, उघडलं की बहुतेक वेळा पहिल्या ओळीत 'पाऊस', दुसऱ्या ओळीत 'मजुरांची टंचाई' आणि तिसऱ्या ओळीत 'भाववाढ' असं लिहिलेलं दिसतं. मागच्या कामाची फाईल घ्यायची, कामाचं नाव बदलायचं आणि प्रिंट काढायची, एवढ्यात हा कागद तयार होतो. मी रत्नागिरी जिल्ह्यात लहान पूल आणि गावरस्ते करणाऱ्या ठेकेदाराकडे प्लॅनिंग बघते. असा कागद फाईलला लागलेला दिसला की मला वाईट वाटतं, कारण तो कुणाच्याच उपयोगाला येत नाही.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येणार हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जे होणारच आहे ते वेळापत्रकात मांडायचं. शिमग्याला माणसं गावाला जाणार, गणपतीत कुणी साइटवर दिसणार नाही, हेही वेळापत्रकातच. होईल की नाही हे नक्की नाही, पण झालं तर काम अडकेल, अशी गोष्ट म्हणजे जोखीम. म्हणून मी 'पाऊस' खोडते आणि लिहिते: 'मे संपेपर्यंत पायाचं काँक्रीट पऱ्याच्या (ओढ्याच्या) पाण्याच्या वर आलं नाही, तर पहिल्याच पुरात खड्डा गाळाने भरेल आणि काम थेट पावसाळ्यानंतर सुरू होईल.' ओळ लांब झाली, पण ती वाचून मुकादमाला कळतं की एप्रिलमध्ये कुठलं काम मागे पडू द्यायचं नाही.

आता हे ओळखायचं कसं? ऑफिसात बसून सुचत नाही. गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००७ मधल्या एका लेखात 'प्रीमॉर्टेम' नावाची एक पद्धत मांडली. काम सुरू होण्याआधीच सगळ्यांनी बसायचं आणि धरून चालायचं की हे काम फसलेलं आहे. मग प्रत्येकाने सांगायचं, कशामुळे फसलं. 'काय चुकू शकेल?' असं विचारलं तर माणसं साहेबाच्या तोंडाकडे बघतात. 'फसलंच आहे, कारण सांगा' म्हटलं की बोलतात.

आपल्याकडे यात एक अडचण आहे. नारळ फोडायच्या आधी वाईट बोलायचं नाही, असा आपला स्वभाव. 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणून लहानपणापासून गप्प केलेली माणसं साइटवरही गप्पच बसतात, नाहीतर कुणीतरी म्हणतं, 'कशाला नाट लावताय?' म्हणून मी ही बैठक नारळाच्या दिवशी ठेवत नाही. आधी ठेवते, आणि ऑफिसात न ठेवता पऱ्यावर ठेवते. सेंटरिंगचा मुकादम, फिटर, पोकलेनचा ऑपरेटर आणि गावातली दोन-तीन जुनी माणसं यांना बोलावते. इंजिनिअरांनी शेवटी बोलायचं असा माझा नियम आहे.

सध्याच्या कामावर अशाच बैठकीत पोकलेनवाल्याने वर बोट दाखवलं. काठावरच्या करंजाच्या फांद्यांत, माझ्या डोक्याच्याही वर, वाळलेलं गवत आणि एक फाटकी निळी ताडपत्री अडकलेली होती. फांद्यांचा कचरा एकाच दिशेला, खालच्या अंगाला वळलेला. पुराचं पाणी तिथपर्यंत चढून गेलं होतं. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, '२०२१ चा पूर. चिपळूण बुडालं ना, तेव्हाचा.' सिमेंटची शेड आणि सळईचा साठा आराखड्यात नेमका त्या झाडाखाली होता, कारण ट्रक तिथपर्यंत सरळ येतो. आम्ही शेड वरच्या आंब्याकडे नेली. प्रत्येक गोणी थोडी जास्त लांबून आणावी लागते, मुकादम कुरकुरतो, आणि त्याचं कुरकुरणं रास्तही आहे. तरी शेड तिथेच राहील.

जमिनीखालची जोखीम मात्र फांदीवर दिसत नाही. आमच्याकडे वर जांभा असतो, कुदळ लागली तर ठणकन आवाज येतो, आणि माणूस निर्धास्त होतो. पण जांभ्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ, ओलसर, चिकणमातीसारखा थर लागतो. या मऊ मातीने काय होऊ शकतं ते कोकण रेल्वेने दाखवलं. १९९० मध्ये काम सुरू झालं, १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर आणि नव्वदहून जास्त बोगदे. कठीण कातळातले बोगदे यंत्रांनी पुढे गेले, पण मऊ मातीच्या बोगद्यांनी सगळ्यांना रडवलं. गोव्यातला पेडण्याचा बोगदा त्यातलाच. माती पुन्हापुन्हा ढासळत होती, माणसंही गेली. आणि काम संपलं म्हणून जोखीम संपली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या मिरज-लोंढा मार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये तिथेच पाणी झिरपून वाहतूक पुन्हा थांबली. 'काम हस्तांतरित, जोखीम बंद' असा शेरा मला म्हणूनच पटत नाही. मालकी बदलते एवढंच.

याच रेल्वेकडून मी माझ्या कागदावरचा सगळ्यात महत्त्वाचा रकाना घेतला. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळावर दरड आली, गाडी घसरली आणि पन्नासच्या वर माणसं मेली. पुढच्याच पावसाळ्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. दरडीवर जाळ्या बसवल्या, उतार कमी केले, ते तर झालंच. पण मला जास्त शिकवून गेली ती पावसाळी व्यवस्था. पावसाळ्यात वेळापत्रकच वेगळं, गाड्यांचा वेग कमी. काही स्टेशनांवर पाऊस आपोआप मोजणारी यंत्रं, मोठ्या पुलांवर पुराची सूचना देणारी, उंच पुलांवर वारा मोजणारी. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ड्रायव्हरने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा, हे आधीच ठरलेलं. ऐनवेळी कुणाला फोन करून विचारत बसायचं नाही.

तसा माझा रकाना आहे, 'आधी काय दिसेल?' जोखीम किती मोठी ते दाखवणाऱ्या लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटी आणि पाचपैकी चार असे गुण मोठ्या कामांवर लागत असतील. आमच्या कामावर ते अंदाजपंचे भरले जातात. त्यापेक्षा खूण लिहावी. पैशाची तंगी येणार असेल तर ताळेबंदात कळायच्या आधी मुकादम आठवड्याच्या मध्येच उचल मागतो, डिझेलवाला उधारी बंद करून रोख मागतो. क्रशर बंद पडणार असेल तर खडीची गाडी सकाळऐवजी दुपारी यायला लागते. पऱ्याला पाणी वाढणार असेल तर ते आधी गढूळ होतं. प्रत्येक खुणेपुढे एका माणसाचं नाव लिहायचं, 'साइट टीम' असं लिहायचं नाही. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही. आणि खूण दिसली की काय करायचं, तेही त्याच ओळीत.

आत्ता माझ्या कागदावर एक ओळ उघडी आहे. पुलाच्या डाव्या अंगावरून विजेची ११ केव्हीची लाइन जाते आणि क्रेनचा बूम, म्हणजे तिचा लांब हात, तिथेच फिरणार आहे. लाइन बंद ठेवण्याचा अर्ज दिलाय, तारीख मिळालेली नाही. खूण: जानेवारी संपेपर्यंत लेखी तारीख नसणे. तसं झालं तर गर्डर, म्हणजे पुलाच्या तुळया, उजव्या तीरावरून उचलायचे. त्यासाठी तिकडचा कच्चा रस्ता आत्ताच खडी टाकून दाबून घ्यावा लागेल. तो खर्च मंजूर करून घ्यायला मी सोमवारी साहेबांकडे जाणार आहे, आणि सोबत पोकलेनवाल्यालाही नेणार आहे. तिकडची माती क्रेनचं वजन घेईल का, हे तोच नीट सांगू शकेल.