तुम्ही विचारलंत म्हणून: बटणांचा वास का घेता?

साताऱ्यात आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा हे विचारतो. गरम पाण्याच्या वाटीतून बटण काढून मी नाकाशी नेते आणि समोरच्याचा चहा तसाच राहतो. मावसबहीण तर म्हणाली, "ताई, बाहेर कुणासमोर असलं करू नकोस."

जुनं बटण कशाचं केलंय ते बघून कळत नाही, म्हणून गरम करून हुंगायचं. ही जुनी बटणं बऱ्याचदा हस्तिदंत, शिंग, कासवाची पाठ यांची नक्कल करायलाच घडवलेली. शिंप्याकडच्या जुन्या डब्यात त्यांच्यात कालपरवाचं प्लास्टिकही मिसळलेलं असतं.

सेल्युलॉइड, म्हणजे अगदी सुरुवातीचं प्लास्टिक, ओळखायला आपल्याला शिकवणी नको. वाटीतून बाहेर आलं की आरतीच्या तबकासारखा वास! त्यात कापूर असतोच. अमेरिकेत जॉन हायट या संशोधकानं १८७० च्या सुमारास ते केलं, बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूंना पर्याय शोधता शोधता. तापलेली सुई टोचून मात्र कधी बघू नका, भडकन पेटतं. बॅकेलाइट हे दुसरं जुनं प्लास्टिक, १९०७ चं, लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाचं. जुने काळे स्विच आठवा. त्याला कार्बोलिक साबणासारखा उग्र दर्प.

माझं लाडकं मात्र दुधाचं बटण. हो, दुधाचंच! १८९९ मध्ये जर्मनीत त्याचं पेटंट निघालं. नाव गॅलॅलिथ, ग्रीकमध्ये गाला म्हणजे दूध, लिथोस म्हणजे दगड. साय काढलेलं दूध फाडायचं, त्यातलं केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, वाळवून, दाबून पत्रे करायचे आणि फॉर्मेलिन या रसायनात मुरत ठेवायचे. जाड पत्रा असला तर महिनेच्या महिने. एकदा कडक झालं की वितळवून साच्यात ओतायची सोय नाही, त्यामुळे कापायचं, कातायचं, कोरायचं. रंग सुरेख चढतो. कोमट बटणाला करपलेल्या दुधाचा, कधी ओल्या लोकरीचा वास येतो. फार वेळ भिजवायचं नाही, पाणी पिऊन फुगतं. एका पाहुण्यानं मोती चौकातून कंदी पेढे आणले होते. त्यांना हे ऐकवलं, तर त्यांनी आधी बटणाकडं आणि मग पेढ्याकडं संशयानं पाहिलं.

चूकही केली आहे. सगळी बटणं लोणच्याच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवली. साताऱ्याचा पावसाळा सरला, बरणी उघडली, तर एक सेल्युलॉइडचं बटण तडकून चिकट झालेलं आणि शेजारच्या पितळी बटणांवर हिरवी बुरशी आल्यासारखा गंज. सडणारं सेल्युलॉइड आम्लाची वाफ सोडतं, ती शेजाऱ्यालाही खाते. आता सेल्युलॉइडची बटणं कागदाच्या पुड्यांत, वेगळ्या खणात, हवा लागेल अशी.

परवा मावसबहीण मावशीच्या जुन्या स्वेटरचं पिवळसर बटण घेऊन आली. वाटीत टाकलं, काढलं, हुंगलं. कसलाच वास नाही. आजकालचंच असणार, म्हटलं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, पुन्हा पाण्यात बुडवलं आणि स्वतःच्या नाकाशी नेलं.