पाना खाली ठेव

डॉज आमच्या गल्लीत आला तो दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून. तुर्भे एमआयडीसीत सकाळी साडेनऊला पाय ठेवायला जागा नसते, तरी लोकांनी आपापले टेम्पो बाजूला घेतले. रुंद, बुटका ट्रक, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडलेली, अंगावर हिरव्या रंगाचे तीन-चार थर. डावं पुढचं चाक बसलेलं. ऐरोलीचे काका सोबत होते, वय ६८. उतरल्या उतरल्या म्हणाले, "हे बघ, मला ह्याला ट्यूबलेस चाकं हवीत. आणि ह्याचं मूळचं काहीही कापायचं नाही."

माझं लेथ आणि वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. २२ वर्षं चाकांचीच कामं करतोय. पण असं चाक मी तोपर्यंत फक्त लांबून पाहिलं होतं.

ट्रक म्हणजे डॉज डब्ल्यूसी-५१, पाऊण टनी वेपन कॅरियर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेसाठी डॉजने या पाऊण टनी घराण्यातल्या अडीच लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. सहा सिलिंडरचं इंजिन, ९२ हॉर्सपॉवर, जोर चारही चाकांना. युद्ध संपल्यावर लष्कराच्या गाड्या डिस्पोजलमध्ये निघाल्या, त्यातलीच ही एक. काकांच्या वडिलांनी ती कल्याणच्या एका लाकूडवाल्याकडून घेतली. कल्याणजवळ युद्धाच्या काळात लष्कराचा मोठा ट्रान्झिट कॅम्प होता. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित राहिले आणि १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. आपण आजही 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' म्हणतो ते त्यामुळेच. ट्रक त्या कॅम्पातलाच, असं वडील सांगायचे. त्याचा कागद नाही. पण काका हे सांगताना बॉनेटवर हात ठेवून उभे होते आणि मला ते ऐकत राहावंसं वाटलं.

ट्यूबलेसचं कारणही त्यांनी सांगितलं. घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावर डाव्या पुढच्या चाकाची ट्यूब फाटली. गाडी एकदम डावीकडे ओढली गेली. शेजारी नातू बसला होता. मागच्या टेम्पोवाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून निभावलं.

ट्यूब गेली की हवा थांबतच नाही. ट्यूब आणि टायरच्या मधून ती व्हॉल्व्हच्या भोकाशी येते आणि भसकन निघून जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी रबर त्याला धरून ठेवतं, हवा हळूहळू उतरते, ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. तेवढाच वेळ काकांना हवा होता.

पंक्चरनंतर ते आधी एका टायरवाल्याकडे गेले होते. त्याने एअर गन लावून नट सोडवायला घेतले आणि एक स्टड, म्हणजे हबवरचा नट बसतो तो बोल्ट, मुळापासून तोडला. मी तुटलेल्या स्टडच्या शेजारच्या स्टडवरचा रंग पॉलिश पेपरने घासला. तोंडावर बारीक 'एल' अक्षर उमटलं. या डॉजच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, चाक फिरताना नट सैल पडू नये म्हणून. सोडवायचं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचं. त्याने गन नेहमीसारखी लावली आणि नट आवळतच नेला. अक्षर रंगाखाली होतं, त्यामुळे त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण नट हलत नाही असं दिसल्यावर थांबायला हवं होतं.

स्टडपेक्षा मोठी काळजी रिमची होती. हिला कॉम्बॅट रिम म्हणतात. एक अखंड रिम नाही, दोन भाग, आणि ते नटबोल्टने एकमेकांवर आवळलेले. टायर फुटला तरी लढाईच्या जागेवरून गाडी बाहेर निघावी म्हणून टायरच्या आत लोखंडी कडं असतं, ते टायरची कड रिमवर दाबून ठेवतं. रचना हुशारीची आहे. पण समोरून पाहणाऱ्याला नटांची दोन वर्तुळं दिसतात. आतल्या वर्तुळातले पाच नट चाक हबवर धरतात. बाहेरचे नट रिमचे दोन भाग धरतात. हवा भरलेली असताना बाहेरचे सोडले तर रिमचा अर्धा भाग तोफगोळ्यासारखा सुटतो.

हे मी त्या दिवशी सकाळी सगळ्यांना समजावून सांगितलं. बारक्यालाही. बारक्या म्हणजे माझा हेल्पर, १९ वर्षांचा, हाताने चपळ आणि शिकायची भूक असलेला. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घेतली, पाच-पाच नट सोडून चाकं उतरवली, जमिनीवर आडवी ठेवली. एकेका चाकाच्या व्हॉल्व्हची पिन काढायची, हवा सोडायची आणि मगच रिम उघडायची, असं ठरलं.

मी लेथपाशी तुटलेल्या स्टडचं माप घेत होतो. मागे फुस्स आवाज आला आणि पाच-सहा सेकंदांत थांबला. ते मी ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. मग गंजका नट किरकिरला.

"बारक्या, पाना खाली ठेव."

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर तो दचकला असता आणि पाना आणखी फिरला असता. त्याने पाना तसाच नटावर सोडला आणि मागे सरकला. मी बाजूने जाऊन टायरच्या भिंतीवर अंगठा दाबला. दगड. पिन काढलेली, हवा बाहेर येत नाही आणि टायर भरलेला. इतक्या मोठ्या टायरमधली हवा पाच सेकंदांत संपत नाही, हा आवाज मलाच आधी कळायला हवा होता.

सगळ्यांना चाकापासून लांब भिंतीकडे उभं केलं. एक नट अर्धा फेरा सैल झाला होता, तो मी हळूच परत आवळला. मग लांब तार घेतली आणि चाकाच्या बाजूला बसून व्हॉल्व्हमध्ये घातली. दोन इंचांवर ती अडली. फिरवत फिरवत आत ढकलली तसा तपकिरी लगदा बाहेर आला. कधीतरी कोणीतरी पंक्चरसाठी ट्यूबमध्ये द्रव टाकला असणार, तो सुकून व्हॉल्व्हच्या गळ्यात बसला होता. लगदा निघाल्यावर हवा सुटली ती जवळजवळ दोन मिनिटं सुटतच राहिली.

४० पौंड हवा म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर ४० पौंडांचा रेटा. टायरच्या एका बाजूचे चौरस इंच मोजले तर तो रेटा टनांमध्ये जातो. बारक्या त्या रिमवर ओणवा झाला होता.

चहा मागवला. बारक्याने कप हातात धरला, प्यायला नाही. मी त्याला रागावलो नाही, कारण चूक माझी होती. पिन काढा असं मी सांगितलं होतं, तार घालून बघा असं सांगितलं नव्हतं. आता आमच्याकडे प्रत्येक चाकाला तार घालतात, ती आत गेली की तोंडाने 'मोकळं' म्हणतात, आणि टायर हाताने दबल्याशिवाय पान्याला कोणी हात लावत नाही.

दुपारी एक ओळखीचा वेल्डर आला. रिमचे दोन भाग सलग वेल्ड करून टाक, सांध्यात इपॉक्सी भर, झालं ट्यूबलेस, असं म्हणाला. असं करणारे आहेत, मला माहीत आहे. मी ते करत नाही. सांध्यातून हवा गळणं हा त्यातला छोटा प्रश्न आहे. ट्यूबलेस रिमला बीड, म्हणजे टायरची तार असलेली कडा, जिथे बसते तिथे आतल्या बाजूने एक बारीक उंचवटा असतो. हवा कमी असताना गाडी वळली तर हाच उंचवटा बीडला आत घसरू देत नाही. ट्यूबच्या जुन्या रिमला त्याची गरज नव्हती, म्हणून तो तिथे नाही. शिवाय ८० वर्षांच्या, आतून गंजलेल्या पत्र्यावर सलग वेल्डिंगची उष्णता टाकायची आणि वर माणूस बसवायचा, हे माझ्याने होणार नाही.

काकांच्या अटीलाही अर्थ होता. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नोंदणी आणली. तिच्यात गाडी मूळ रूपात असणं ही अट आहे. काकांना ती नोंदणी करायची होती. म्हणून ठरलं की तुटलेला स्टड सोडला तर हब, स्टड, ॲक्सल काही बदलायचं नाही, जुनी पाचही चाकं पूर्ण शाबूत ठेवायची, आणि त्याच स्टडवर बसतील अशी पाच नवी चाकं बनवायची.

नव्या चाकासाठी १६ बाय ८ चं तयार ट्यूबलेस बॅरल, म्हणजे टायर बसतो ते बाहेरचं गोल कडं, घेतलं. बोलायला १६ इंच, पण बीड बसते तिथला व्यास ४०५.६ मिलिमीटर, आणि यात आपला हातखंडा चालत नाही. म्हणून बॅरल मी घरी वाकवत नाही, कारखान्यातलंच घेतो. मधली चकती आम्ही बनवली, १२ मिलिमीटरच्या आयएस २०६२ पोलादी प्लेटमधून, लेझरने कापून, नटांच्या बैठका लेथवर शंकूसारख्या उतरवून.

त्याआधी प्लायवुडची चकती केली. माझा हट्टच आहे तो. प्लायवुड स्वस्त, चूक तिथे होऊ द्यावी. ती बॅरलमध्ये पाचर मारून बसवली, टायर चढवला, चाक हबवर लावलं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. जुन्या टायरची मधली रेघ जिथे होती तिथेच नव्याची ठेवायची होती. चाक बाहेर ढकललं की गाडी रुबाबदार दिसते, पण खड्ड्याचा प्रत्येक हिसका स्टिअरिंगवर येतो, आणि या ट्रकला पॉवर स्टिअरिंग नाही. जुन्या टायरचं पाट्यापासूनचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांपासूनचं, अंतर २९ मिलिमीटर होतं, नव्याचं १४ आलं. पूर्ण वळवल्यावर पाट्याला घासत होतं. वळण थांबवणारा बोल्ट दीड फेरा बाहेर घेतला, तेव्हा सुटलं.

टायर २८५/७५ आर १६ घेतले. जुना ९.००-१६ साधारण ९०० मिलिमीटर उंच, हा ८३४. काकांचं तोंड उतरलं. "पाय आखूड झाले रे ह्याचे." मला वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. ३५ इंची टायर मिळत होता, पण त्याची रुंदी ३१५, तो पाट्याला घासल्याशिवाय राहिला नसता. या टायरवर १२६ हा भार आकडा आहे, म्हणजे एका चाकाला १७०० किलो. ट्रक स्वतः अडीच टनांच्या आसपास. ताकद भरपूर. इंजिन त्याच वेगाला थोडं जास्त फिरेल, पण काका ५० च्या वर चालवत नाहीत.

चकती बॅरलमध्ये बसवून चार टॅक, म्हणजे वेल्डचे तात्पुरते ठिपके, मारले, वाकडेपणा मोजणारा डायल लावून फिरवलं, ठोकून सरळ केलं, मग समोरासमोरचे छोटे छोटे तुकडे मारत वेल्ड पूर्ण केला. एकाच बाजूने मारत गेलं की उष्णतेने चाक ओढलं जातं. थंड होईपर्यंत पाणी नाही, पंखा नाही. नंतर लाल रंगाची डीपी टेस्ट, म्हणजे बारीक तडे शोधायची चाचणी, तडा असेल तर पांढऱ्या पावडरवर लाल रेघ उमटते. पाचांवर एकही उमटली नाही. डायलवर सगळी एक मिलिमीटरच्या आत.

मग टायर फुटलाच तर अडवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवून टायर भरले. बीड बसताना ठाप-ठाप असे दोन आवाज येतात, एक आतल्या बीडचा आणि एक बाहेरच्या. ४० पौंडांपर्यंत बसली नाही तर हवा सोडायची, साबण लावायचा, परत करायचं, त्याच्या वर जायचं नाही. पाचही बसली. बारक्याने साबणाचं पाणी मारलं. चार चाकं गप्प. तिसऱ्या चाकावर, वेल्डच्या कडेला, मोहरीएवढा एक फुगा आला. फुटला. परत आला. बोट ठेवलं की थांबायचा, काढलं की यायचा. त्या जागी करंट जास्त झाला होता आणि पत्रा आरपार भाजला होता.

काका म्हणाले, "एवढंसं तर आहे. आतून काहीतरी लावून टाक." त्यांचा जीव टांगणीला होता, गाडी तीन आठवडे माझ्याकडे होती. मी म्हटलं, "काका, घोडबंदरला तुमच्या शेजारी नातू होता ना?" ते काही बोलले नाहीत. मी ते बॅरल गॅस कटरने त्यांच्यासमोर दोन तुकडे केलं, नाहीतर मोहाने कोणीतरी ते वापरलं असतं. नवं बॅरल यायला नऊ दिवस लागले.

ट्रायल रविवारी सकाळी सहाला घेतली. तुर्भ्याहून महापे, तिथून शिळफाट्याचा चढ आणि परत. काका चालवत होते, मी शेजारी. चढावर इंजिन जड आवाजात एका लयीत ओढत होतं. पारसिकच्या डोंगरावर तेव्हा उजेड येत होता. उतारावर त्यांनी एकदा हँडलवरची पकड मुद्दाम सैल केली. ट्रक सरळच चालत राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत रस्त्याकडे पाहायला लागले.

५० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळायला मी त्यांना बोलावलं होतं. डाव्या बाजूला बारक्याने आधी स्टडवरचं 'एल' बोटाने चाचपलं आणि मग पाना लावला. जुनी पाच चाकं तोवर आम्ही साफ करून, हवा काढून, पिना वेगळ्या पिशवीत बांधून ठेवली होती. काका ती टेम्पोत चढवायला निघाले तेव्हा बारक्या म्हणाला, "काका, पाच मिनिटं थांबा." लाल ऑइल पेंटचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन तो जमिनीवर बसला आणि रिमच्या बाहेरच्या वर्तुळातला एकेक नट रंगवायला लागला. पाच मिनिटांचे चाळीस झाले. काका त्याच्याशेजारी उकिडवे बसून एकेक चाक त्याच्यासाठी फिरवत होते.