वसाहत न उगवलेली प्लेट

ठाण्याजवळच्या एका खासगी तपासणी प्रयोगशाळेत मी रासायनिक विश्लेषक म्हणून काम करते. ग्राहकाने ज्या कसोट्यांचे पैसे भरले तेवढ्याच आम्ही करतो, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. पीएच आणि सूक्ष्मजीवांची संख्या एवढेच मागितले तर अहवालात तेवढेच येते, आणि त्याच कागदाचा फोटो पुढे ‘लॅब टेस्टेड’ म्हणून फिरतो.

गेल्या वर्षी घरगुती उद्योग म्हणून नोंद केलेले एक गोरेपणाचे क्रीम याच दोन कसोट्यांसाठी आले. लेबलवर कोरफड, केशर आणि गुलाबजल लिहिलेले होते. परिरक्षक, म्हणजे क्रीम टिकवणारे रसायन, अजिबात नाही, असे ठळक अक्षरांत छापलेले होते. पीएच योग्य निघाला. सूक्ष्मजीव वाढवून मोजण्याच्या प्लेटवर मात्र एकही वसाहत, म्हणजे वाढलेल्या सूक्ष्मजीवांचा ठिपका, उगवली नाही. ग्रॅममागे १,००० वसाहतींच्या मर्यादेपुढे शून्य हा आकडा कोणालाही आनंद देईल. आमच्या सूक्ष्मजीव विभागातील ज्येष्ठ सहकारी बाईंना तो खटकला. पाणी आणि कोरफडीचा गर असलेल्या, परिरक्षकाविना महिनाभर डबीत राहिलेल्या क्रीममध्ये काही ना काही उगवायलाच हवे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी त्याच नमुन्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू मुद्दाम मिसळला, तर तोही प्लेटवर परत मिळाला नाही. मग पाऱ्याच्या संयुगांचा परिणाम मारणारे सोडियम थायोग्लायकोलेट वाढीच्या माध्यमात घालून पुन्हा केले, आणि जिवाणू वाढले. म्हणजे त्यांना आधी पारा रोखत असावा, असा संशय आला. इतक्या नेमक्या विचाराचे काम मी क्वचितच पाहिले आहे, आणि अशा कामाची नोंद कोणत्याही वार्षिक मूल्यांकनात होत नाही याची मला चीड येते.

पुढचे काम माझे होते. संशयित नमुना पाऱ्याचे अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या शीतबाष्प अणुशोषण यंत्राला थेट लावणे धोक्याचे असते, कारण पारा नळ्यांच्या आतल्या भिंतींना चिकटून बसतो आणि पुढचे कित्येक नमुने खोटे दाखवतो. म्हणून आधी एक्सआरएफवर, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणाऱ्या यंत्रावर, अंदाज घेतला. आलेखावर पाऱ्याची शिखरे ठसठशीत होती. मग नत्राम्लासोबत बंद पात्रात मायक्रोवेव्हने पचन केले, म्हणजे नमुना आम्लात पूर्ण विरघळवला, कारण उघड्या भांड्यात पारा उडून जातो. द्रावण टप्प्याटप्प्याने पुष्कळ पातळ केले, स्टॅनस क्लोराइडने पारा मूलद्रव्यरूपात आणला आणि त्याची वाफ २५३.७ नॅनोमीटरवर मोजली. नऊ हजार पीपीएमच्या (दशलक्ष भागांत नऊ हजार भाग) आसपास निकाल आला, म्हणजे तीस ग्रॅमच्या डबीत पाव ग्रॅमहून अधिक पारा. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे अशा क्रीममध्ये नकळत आलेल्या पाऱ्यालाही १ पीपीएमची मर्यादा आहे.

पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा खरोखर उजळतो आणि वापरणाऱ्यांचा विश्वास बसतो. तोच पारा त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातील असे रुग्ण २०२३ मध्ये उजेडात आले होते. ‘नैसर्गिक’ हा शब्द दिसताच प्रश्न विचारणे सोडून देणाऱ्या आपल्या समाजाबद्दल मला काळजी वाटते, आणि उजळ रंगासाठी मुलींवर दबाव आणणाऱ्या घरांबद्दल त्याहून अधिक.

व्यवस्थापकांनी दोन कसोट्यांचा ‘योग्य’ अहवाल देण्यास नकार दिला आणि पाऱ्याचा निकाल ग्राहकाला लेखी कळवला. एवढे धैर्य सगळीकडे दाखवले जात नाही, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करते. ग्राहकाने शुल्क परत मागितले, उरलेला नमुना नेला आणि तो पुन्हा आला नाही. अन्न व औषध प्रशासनाला आपण कळवावे, असा माझा आग्रह होता. व्यवस्थापकांनी गोपनीयतेच्या कराराकडे आणि आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकातील तरतुदीकडे बोट दाखवले. कायद्याने भाग पाडल्याखेरीज ग्राहकाची माहिती बाहेर देता येत नाही, असे ते म्हणाले. ते नियमाने बरोबर होते, तरीही ते क्रीम वापरणाऱ्या बायकांचा या करारात कोणीच विचार केलेला नाही, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

आता उजळपणाचा दावा करणारा प्रत्येक नमुना स्वीकारताना आम्ही एक्सआरएफखाली विनाशुल्क धरतो. आरोग्यास घातक निकाल प्रशासनाला कळवण्याची मुभा आमच्या करारपत्रातच असावी, असा लेखी प्रस्ताव मी संचालकांकडे दिला आहे. त्याने ग्राहक तुटतील, हा विक्री विभागाचा आक्षेप त्यावर अजून तसाच नोंदवलेला आहे.