आमची वाटचाल: पिंपातल्या पाण्यावरची नर्सरी

साताऱ्यातली आमची नर्सरी मामंजींनी सुरू केली ती जास्वंद, गुलाब आणि आंब्याच्या कलमांवर. किडे खाणारी झाडं आणायची टूम माझी. २०१६ साली मी टिश्यू कल्चरची ४० व्हीनस फ्लायट्रॅप मागवली. दीड महिन्यात ३७ गेली.

थोडा दोष बोअरच्या पाण्याचा, थोडा मामंजींच्या मायेचा. रोपं मलूल दिसली म्हणून त्यांनी मला न विचारता प्रत्येक कुंडीत चिमूटभर लेंडीखत घातलं होतं. या झाडांना खतही चालत नाही नि बोअरचं पाणीही, असं मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "खत नको, आपलं पाणी नको, वर मांसाहार! सूनबाई, हे झाड आहे की जावई?"

गंमत म्हणजे याचं उत्तर आम्ही दर पावसाळ्यात पायाखाली तुडवत होतो. कासच्या पठारावर जांभ्यावर जेमतेम बोटभर माती, तिच्यातलं सत्त्व पावसानं धुऊन गेलेलं. म्हणून तिथलं दवबिंदू नावाचं रोप पानांवरच्या चिकट थेंबांत किडे धरतं आणि सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलझाडं मातीतल्या इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव ओढून घेतात. फ्लायट्रॅप अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या पाणथळ, निकस जमिनीतला. मातीत नसलेला नायट्रोजन तो माशीकडून वसूल करतो. अशा मुळांना क्षार सोसत नाहीत. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ५२० निघाला. या झाडांना ५०च्या आतलं पाणी हवं.

मग शेडच्या पत्र्याला पन्हळ लावली, खाली २०० लिटरची पिंपं मांडली. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं साठवायचं. उन्हाळ्यात पिंपं तळाला गेली की आरओचं विकत घेतो. मातीऐवजी स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, आणि परलाइटचे हलके पांढरे खडे. कोकोपीट स्वस्त म्हणून एकदा वापरलं, पण त्यातलं मीठ नीट धुतलं गेलं नाही आणि पुन्हा तेच रडगाणं.

कुंड्या पाणी भरलेल्या ट्रेमध्ये ठेवतो. डेंग्यूच्या तपासणीला आलेल्या ताईंनी ते पाहून आमची चांगलीच हजेरी घेतली. बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून रविवारी ट्रे रिकामे करून घासतो; मॉस ओलं असतं, एका कोरड्या दिवसानं काही बिघडत नाही.

"मच्छर जातील ना?" हा आमच्याकडचा सगळ्यात जुना प्रश्न. नाही जाणार. एका सापळ्याला एक माशी पचवायला आठवडा-दीड आठवडा लागतो. सापळ्यातल्या केसांना वीसेक सेकंदांत दोनदा धक्का लागला की तो मिटतो, म्हणून मुलं काडी घालून खेळतात. तसा वारंवार फुकट मिटला की काळा पडतो. पनीर घालणारेही भेटलेत. ते कुजतं.

हिवाळ्यात फ्लायट्रॅप झोपतो, पानं काळी पडतात, आणि लोक मेला समजून फेकून देतात. आता प्रत्येक खोक्यात तशी चिठ्ठी घालतो. साताऱ्याची थंडी त्याला मानवते. मुंबईकरांना मात्र आम्ही घटपर्णीचे संकर सुचवतो, त्या झाडांना थंडीतल्या झोपेची गरज नसते. कुरिअरमध्ये घटपर्णीचे घट वाळतात. नव्या पानांना नवे येतात, तेवढा धीर धरावा.

काही जण कासवरून उपटलेला दवबिंदू पिशवीतून आणतात, "जगवून द्या" म्हणतात. पाऊस सरला की बी टाकून तो तसाही वाळणारच असतो, आणि पठारावरचं रोप आम्ही घेत नाही, विकत तर नाहीच. यावरून दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत.

आता पुण्याहून येणाऱ्यांना घरच्या पाण्याची बाटली आणायला सांगतो. टीडीएस मोजायचं मीटर मामंजींच्या ताब्यात असतं. आकडा मोठा आला की ते विचारतात, "पावसाचं साठवाल? आरओचं घालाल?" समोरचा घुटमळला, की फ्लायट्रॅप मांडणीवर परत जातो आणि मामंजी जास्वंद पुढे करतात.