सोले टाकलेली मॅगी

आज दिवसभर वावरात कापसाची वेचणी, घरी आलो तं आई मामाच्या गावाले गेलेली, मंग काय, दुकानातून मॅगीचे पुडे आणले. नुसती मॅगी मले गोडमिट्ट लागते, खरं सांगतो. कढईत तेल जरा सढळ हातानं टाकलं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची अन् वावरातल्या तुरीचे सोले (शेंगेतले हिरवे दाणे), ते तेलात टचटच उडायला लागेपर्यंत परतले, मंग सावजी मसाला अन् पाणी. सोले शिजल्यावरच नूडल्स टाका बरं का, ह्या नूडल्स कारखान्यातच वाफवून तळलेल्या असतात, बारीक छिद्रं पडतात त्याईले म्हणून पाणी झटकन पितात, सोल्यासोबत उकळत ठेवल्या तं पार लगदा. ही तळून वाळवायची आयडिया जपानच्या मोमोफुकु आंदोची, १९५८ ची, त्या माणसाले काय माहीत का इकडं कोणी त्यात सावजी घालन 😄

पुड्यातला मसाला अर्धाच टाकतो मी, मीठ त्यातच भरपूर असते. वरून अंडं फोडलं, हालवायचं नाही, झाकण ठेवून गॅस बंद. मंग मूठभर सांभार (कोथिंबीर), जवसाची चटणी, लिंबू.

बाबा आधी "हे काय शेवया का बे" म्हणत ताट सरकवत होते, मंग भाकर कुस्करून सगळा रस्सा ओरपला त्याईनं अन् म्हणे उद्या वांगे टाकून पाय. वांग्याचं मले काही पटत नाही बुवा, तुमच्याकडं कोणी टाकते का?