बायपासमध्ये गेलेली जमीन आणि पलीकडे उरलेला तुकडा : माझा अनुभव

महामार्गाची वाहतूक शहराबाहेरून काढायचं ठरलं आणि बायपासची आखणी नेमकी आमच्या शेताच्या मधून गेली. अलीकडे विहीर, पलीकडे बागायतीचा तुकडा आणि मध्ये रस्ता. संपादनाचा विषय निघाला की लोक एकच विचारतात, "रेट काय लागला?" रेट महत्त्वाचा आहेच. पण शेत मधोमध कापलं जातं तेव्हा उरलेल्या तुकड्याला पाणी कसं जाणार, बैलगाडी-ट्रॅक्टर कुठून जाणार, हा त्याहून मोठा प्रश्न असतो. त्याबद्दल आपणहून कोणी काही सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेतात ती 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखाली. कायदा कोणी वाचलेला नसतो, पण 'थ्री ए' आणि 'थ्री डी' हे शब्द गावात पारावरसुद्धा ऐकू येतात. थ्री ए म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना. राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून 21 दिवसांत लेखी हरकत घेता येते. जमिनीचा बाजारभावही याच तारखेचा धरतात, नंतर आजूबाजूला भाव चढले तरी ते मोजत नाहीत. वर्षभरात थ्री डी, म्हणजे संपादनाची अंतिम घोषणा, निघाली नाही तर थ्री ए रद्द होते. थ्री डी निघाली की जमीन केंद्र सरकारची झाली, मग पैसे हातात आलेले असोत वा नसोत.

आमच्याकडे बहुतेकांनी 'रस्ता नको' एवढीच हरकत घेतली. सुनावणीत ती फेटाळली गेली, आखणी जागची हलली नाही. त्यांचा राग मला समजतो, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन जाताना दुसरं काय सुचणार? मी वडिलांशी बोलून हरकतीत ठरावीक गोष्टी मागितल्या. रस्त्याखालून पाइपलाइन नेण्यासाठी मोठा पाइप टाकून द्यावा, पलीकडे जायला वाट द्यावी, आणि तुकडा तुटल्यामुळे होणारं नुकसान मोबदल्यात धरावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. पुढे प्रत्येक टेबलावर तीच प्रत कामाला आली.

सगळ्यात निर्णायक दिवस संयुक्त मोजणीचा. भूमी अभिलेखचे भूकरमापक, तलाठी आणि महामार्गाच्या बाजूची माणसं एकत्र आली. मशीन लावून हद्दीचे खुंट ठोकले, आणि काय काय जातंय ते कागदावर उतरवायला लागले. झाडं दिसतात, बांध दिसतो. जमिनीखालची पाइपलाइन कोणाला दिसणार? पंचनाम्यात पाइपलाइनच्या रकान्यात 'निरंक' लिहिलेलं बघितलं आणि सही करायला थांबलो. दोन ठिकाणी खणून पाइप उघडा केला. एका खड्ड्यात जोडाचा बेंड लागला, तिथून लाइन वळून थेट पलीकडे जाते हे सगळ्यांना दिसलं. टेप लावून व्यास आणि लांबी मोजली, खुंट दिसेल असे फोटो काढले, आणि रकाना दुरुस्त करून घेतल्यावरच सही केली. त्या कागदावर जे नाही त्याचं मूल्यांकन होत नाही. बांधकाम असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग आणि फळझाडं असतील तर कृषी विभाग किंमत काढतो, पण तेही हाच पंचनामा समोर ठेवून.

मधल्या काळात घरातलं काम होतं. आजोबांमागे वारस नोंदीत आत्यांची नावं लागलेली नव्हती. सामायिक सातबारा असला की हिश्श्याचा वाद निघाला तर रक्कम दिवाणी न्यायालयाकडे जाते आणि तिथे वर्षं जातात. आत्यांना घरी बोलावलं, सगळे एकत्र बसलो, नोंद करून घेतली. दोघींनी विनातक्रार सह्या केल्या. हा भाग कायद्यापेक्षा नात्यांवर उभा असतो.

निवाड्याआधी, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश निघायच्या आधी, मी नोंदणी विभागाच्या वेबसाइटवरून शेजारच्या गटांच्या खरेदीखतांचे इंडेक्स टू, म्हणजे व्यवहाराचा गोषवारा देणारे उतारे, काढले. 2013 च्या भूसंपादन कायद्यातली मोबदल्याची तरतूद 1 जानेवारी 2015 पासून महामार्गालाही लागू आहे. त्यानुसार रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर आणि आधीच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी यात जे जास्त असेल ते धरायचं असतं. वर शंभर टक्के दिलासा रक्कम. आमच्या निवाड्यात दराचा हिशोब त्याप्रमाणे होता. तुकडा तुटल्याच्या नुकसानीबद्दल मात्र एक ओळही नव्हती. अधिनियमाच्या कलम 3जी(7) मध्ये ते नुकसान विचारात घ्यायला स्पष्ट सांगितलंय, तरीही.

रक्कम घेतली, पण पावतीवर 'हक्क राखून स्वीकारली' असं लिहून. मग लवादाकडे, म्हणजे मोबदल्याच्या वादावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज केला. सोबत हरकतीची शिक्क्याची प्रत, पंचनामा, फोटो आणि दोन्ही तुकडे दाखवणारा नकाशा जोडला.

तोवर रस्त्याचं काम सुरू झालं होतं. भराव पडायच्या आत पाइप टाकून घेणं गरजेचं होतं, कारण एकदा भराव दाबून वर थर चढले की तो पुन्हा कोणी खोदू देत नाही. साइटवरच्या इंजिनिअरांना आमच्या हरकतीवर झालेला पाइपबद्दलचा आदेश दाखवला, तेव्हा त्यांनी मोरीच्या कामासोबत आमचा पाइपही आरपार टाकून दिला. आमची लाइन आता त्याच्या आतून जाते, फुटली तर रस्त्याला हात न लावता ओढून काढता येते. स्वतंत्र वाट काही मिळाली नाही. पुढच्या अंडरपासातून वळसा घालून जावं लागतं, उसाची भरलेली ट्रॉली असली की सेवा रस्त्यावर फार जपावं लागतं.

लवादाने तुकडा तुटल्याचं नुकसान मान्य केलं. आम्ही मागितलं होतं त्यापेक्षा कमी दिलं, पण वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून 9 टक्के व्याज लावलं. वाटेच्या वळशाचा खर्च त्यात धरलेला नाही. त्यासाठी निकालाला जिल्हा न्यायालयात आव्हान द्यायचं का, यावर घरात अजून बोलणं चालू आहे.